नाव नोंदवहीतले आणि नाव हाकेतले

गेल्या पावसाळ्यात आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात नातवाचे आगमन झाले. पेढे वाटून झाले, आप्तेष्ट बाळाला पाहून गेले आणि मग घरात एका वादाला तोंड फुटले. स्नानसंस्काराच्या आरंभी धर्मगुरू मातापित्यांना पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की या बालकाचे नाव काय ठेवले आहे. त्या प्रश्नाला या घरात एक नव्हे, दोन उत्तरे तयार होती आणि दोन्ही उत्तरे देणारी माणसे आपापल्या जागी ठाम होती.

आजींचे म्हणणे असे, की मुलाचे नाव जोसेफच ठेवायचे. आजोबांना प्रभूघरी जाऊन दोन वर्षे झाली होती. त्यांचे नाव जोसेफ. मुलाच्या आईबापांना हे नाव नको होते. आजोबांविषयी त्यांना आदर नव्हता असे मुळीच नाही. पण नाव जुने झाले, शाळेत मुले हसतील, आजकाल असे नाव कोण ठेवतो, असा त्यांचा पक्ष होता. आम्ही या आजींना लहानपणापासून काकू म्हणतो. त्यांनी आम्हाला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "तू चार बुकं वाचलेला आहेस. तूच सांग आता काय ते."

आम्ही त्याच क्षणी काकूंचा पक्ष घेतला. घराण्याचे, संताचे, वाडवडिलांचे नाव टाकून देणे म्हणजे कृतघ्नता, असे आम्ही मोठ्या अधिकाराने सांगूनही टाकले. घरी परतल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. आपण निवाडा दिला खरा, पण प्रश्न तरी नीट समजून घेतला होता का? नाव म्हणजे काय? ते देणाऱ्याचे, की घेणाऱ्याचे, की हाक मारणाऱ्याचे? जुने नाव पुढे चालवणे हे कर्तव्य आहे, की ती केवळ आपली हौस? वाचकहो, या लेखात त्याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. हा प्रसंग एका घरचा असला तरी प्रश्न आपल्या सर्वांच्या घरचा आहे.

प्रथम त्या नावाने ज्या मातीत आयुष्य काढले ती माती सांगितली पाहिजे. कसबा पेठ ही पुण्याची मूळ वस्ती. बाकीच्या पेठा तिच्यामागून वसल्या. ग्रामदैवत कसबा गणपती येथे, जिजाबाई आणि बालशिवाजी ज्या लाल महालात राहिले त्याची जागा येथे, तांबट आळीतील हातोड्यांचे ठोके येथे, कुंभारवाडा आणि कागदीपुराही येथेच. या पेठेतील एका वाड्यात आमचे बालपण गेले. ख्रिस्ती बिऱ्हाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी मिस्सेसाठी आम्ही सारे पायी नाना पेठेतील सिटी चर्चला जात असू. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील दों मिगेल द नोरोन्या या अधिकाऱ्याला दिलेल्या जागेवर 1792 साली उभे राहिलेले ते देऊळ. त्या वाटेवर काकूंचे यजमान आमच्या पुढे चालत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते नोकरीला होते आणि रविवारचा पांढरा सदरा ते कोणालाही धुऊ देत नसत.

त्यांचे नोंदवहीतले नाव जोसेफ. परंतु वाड्यात आणि आळीत ते नाव त्या रूपात क्वचितच कोणाच्या तोंडी येई. घरमालकांच्या वृद्ध मातोश्री त्यांना 'जोसप' म्हणत. तांबट आळीतील कारागीर मंडळी 'जोसबा' म्हणत. आम्हा मुलांचे ते 'जोसेफकाका'. कारखान्यातील सोबत्यांनी नावाचे एकच अक्षर ठेवले होते, 'जो'. आणि कागदीपुऱ्यातील एक वयस्कर गृहस्थ त्यांना 'युसूफभाई' अशी हाक मारीत. ते ऐकून आम्ही मुले हसत असू. पुढे कळले, की त्या गृहस्थांचे काहीच चुकत नव्हते. युसूफ, योसेफ, जोसेफ हे एकच नाव. गोव्यात पोर्तुगीज जोझेचा 'जुझे' झाला, केरळात 'औसेप' झाला, स्पेनमध्ये लाडाने 'पेपे' झाला, इटलीत 'बेप्पे' झाला, बव्हेरियात 'सेप' झाला. ज्या गावी हे नाव गेले त्या गावच्या जिभेने ते आपल्या सोयीने वळवून घेतले.

मराठी जिभेची सोयही पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे नावाला 'बा' लागला की जवळीक आणि आदर दोन्ही एकदम साधतात. विठ्ठलाचा विठोबा झाला, ज्ञानदेवांचे ज्ञानोबा झाले, तुकारामांचे तुकोबा झाले. लाल महालात वाढलेल्या मुलाला लोकांनी शिवबा म्हटले. तेव्हा तांबट आळीने एका ख्रिस्ती कामगाराला 'जोसबा' म्हटले त्याचा अर्थ लहानसहान नव्हे. परक्या वाटणाऱ्या नावाला त्यांनी आपल्या पंगतीत पाट मांडून बसवले होते.

आता 'जुने नाव' या आक्षेपाकडे वळू. जोसेफ हे नाव बायबलाइतके जुने, यात शंका नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात राहेल आपल्या बहुप्रतीक्षित पुत्राला हे नाव देते आणि त्याचा आशय असा, की परमेश्वर आणखी भर घालो. परंतु ख्रिस्ती घरांत हे नाव सर्रास ठेवण्याची चाल मात्र तेवढी जुनी नाही. मध्ययुगातील युरोपात कितीतरी शतके हे नाव विरळाच होते. संत योसेफचा सण रोमच्या दिनदर्शिकेत 1479 मध्ये आला. आविलाच्या संत तेरेजाने 1562 साली आपला पहिला सुधारित मठ संत योसेफच्या नावाने स्थापिला. 1621 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी हा सण सर्वत्र पाळण्याचा आदेश दिला. नववे पायस यांनी 8 डिसेंबर 1870 रोजी संत योसेफला विश्वव्यापी ख्रिस्तसभेचा आश्रयदाता घोषित केले. बारावे पायस यांनी 1955 मध्ये 1 मे हा दिवस श्रमिक संत योसेफचा म्हणून ठरवून दिला. भक्ती वाढत गेली तसतसे नाव पसरत गेले.

म्हणजे आज जे नाव आपल्याला आजोबांचे वाटते, ते कोणे एके काळी कोणाच्या तरी घरात नवेच होते. कोण्या आजीने तेव्हाही नाक मुरडले असेल, की हे कसले नवीन नाव, आपल्या घराण्यात तर कोणाचे नाही. जुने आणि नवे हा भेद नावाच्या अंगचा नाही. तो आपल्या वयाचा आहे. एवढे ध्यानात आले म्हणजे 'जुने म्हणून नको' हा पक्ष लटका पडतो. आणि हेही कबूल करावे लागते, की 'जुने म्हणून हवे' हा आमचा पक्षही तितकाच लटका पडतो.

आमच्या पक्षाला खरा धक्का दिला तो शुभवर्तमानानेच. लूकच्या पहिल्याच अध्यायात नाव ठेवण्याचा एक घरगुती वाद आहे. जखऱ्या आणि अलीशिबा यांना म्हातारपणी पुत्र झाला. आठव्या दिवशी शेजारीपाजारी आणि नातलग जमले आणि मुलाला बापाचेच नाव द्यायचे असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले. आईने त्याला विरोध केला आणि योहान हे नाव सांगितले. या नावाचा तुमच्या नात्यात कोणीच नाही, असा मुद्दा नातलगांनी काढला. शेवटी मुक्या झालेल्या बापाने पाटी मागवली, तिच्यावर योहान हेच नाव लिहिले, आणि त्याची वाचा मोकळी झाली. येथे घराण्याचे नाव धरून बसलेली मंडळी हरली आहेत. आम्ही काकूंच्या ओसरीवर बसून जे बोललो होतो ते त्या नातलगांचेच बोलणे होते, हे उमगल्यावर आम्हाला बरेच ओशाळल्यासारखे झाले.

ख्रिस्तसभेचा नियमही या बाबतीत पुष्कळांना वाटतो तेवढा कडक नाही. 1917 च्या धर्मसंहितेत असे होते, की स्नानसंस्कार घेणाऱ्याला ख्रिस्ती नाव दिले जाईल याची काळजी धर्मग्रामाच्या गुरूंनी घ्यावी. ते साधले नाही तर आईबापांनी ठेवलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत. 1983 च्या संहितेने एवढेच सांगितले, की ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये आणि ही काळजी आईबापांनी, धर्ममातापित्यांनी व धर्मगुरूंनी मिळून घ्यावी. म्हणून आज आपल्या देवळांत संजय, अनिल, किरण अशी नावे स्नानकुंडाशी उच्चारली जातात आणि त्यात काही वावगे नाही. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तरी आपले नारायण हे नाव टाकले नाही. नाव देशी म्हणून भक्ती उणावत नाही, आणि नाव संताचे म्हणून ती वाढतेच असेही नाही.

मग प्रश्न मिटला म्हणावे, तर तसेही नव्हते. कारण काकूंच्या मुलाशी आम्ही पुन्हा एकदा, या खेपेस उपदेश न करता, बोललो तेव्हा त्याच्या मनातील खरी गोष्ट बाहेर आली. 'जुने' हा शब्द तो पांघरुणासारखा वापरीत होता. शाळेत असताना वर्गातील काही मुलांनी त्याच्या वडिलांच्या नावावर एक यमक जुळवले होते. हजेरी घेताना शिक्षक पूर्ण नाव वाचत आणि मागच्या बाकावरून ते यमक ऐकू येई. एके दिवशी वडील डबा देण्यासाठी शाळेच्या फाटकाशी आले, तेव्हा तो त्यांना ओळख न देता आत निघून गेला. वडिलांनी डबा शिपायाजवळ ठेवला आणि त्याविषयी घरी एक शब्दही काढला नाही. "ते नाव माझ्या मुलाने ऐकावं आणि मला तो दिवस रोज आठवावा, हे मला झेपायचं नाही," असे तो म्हणाला. ही वस्तुस्थिती ऐकल्यावर आमच्या साऱ्या व्युत्पत्ती आणि सनावळ्या आम्हाला फिक्या वाटू लागल्या.

त्या रात्री आम्ही उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफची कथा पुन्हा वाचली. नावाच्या दृष्टीने ती आम्ही पूर्वी कधीच वाचली नव्हती. या योसेफला घरच्या नावाखेरीज आणखी दोन नावे मिळाली आहेत. पहिले त्याच्या भावांनी दिले. तो दुरून येताना दिसला की ते कुत्सितपणे त्याला स्वप्नेवाला म्हणून हिणवीत. आणि ज्या दिवशी त्यांनी हे नाव उच्चारले त्याच दिवशी त्याला खड्ड्यात टाकले. तिरस्काराचे टोपणनाव हे बहुधा असेच असते. माणसाला खड्ड्यात टाकण्यापूर्वी आधी त्याचे नाव काढून घ्यावे लागते. दुसरे नाव फारोने दिले, एक लांबलचक मिसरी नाव. ते मानाचे होते, अधिकाराचे होते. पण ते योसेफला विचारून दिलेले नव्हते. सत्ताधाऱ्याला आपल्या दरबारात जे नाव सोयीचे, ते त्याने दिले. या नावाआड योसेफ वर्षानुवर्षे राहिला. अखेर दुष्काळात भाऊ दाराशी आले, तेव्हा त्याने सर्व परक्यांना बाहेर घालवले आणि आक्रोश करीत भावांना आपले घरचे नाव सांगितले. ज्या नावाचे त्यांनी हसे केले होते तेच त्याने त्यांच्यापुढे क्षमेच्या रूपाने ठेवले.

या प्रसंगाची एक आठवण आपल्याच काळातील आहे. तेविसावे जॉन या पोपमहाशयांचे स्नानसंस्काराचे नाव आंजेलो जुझेप्पे. जुझेप्पे म्हणजे जोसेफच. 1960 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील यहुदी मंडळींचे एक शिष्टमंडळ त्यांना भेटावयास आले, तेव्हा पोपपदाचे नाव बाजूला ठेवून त्यांनी योसेफने भावांना करून दिलेली ओळखच आपली ओळख म्हणून सांगितली. आजवर एकाही पोपने जोसेफ हे नाव धारण केलेले नाही. पण शतकानुशतकांचे वैर पुसायची वेळ आली तेव्हा त्या वृद्ध धर्मपित्याला आईबापांनी दिलेले हेच नाव उपयोगी पडले.

तिरस्काराचे नाव आणि सत्तेचे नाव झाले. तिसरे नाव प्रेमाचे. तेही एका योसेफलाच मिळाले आहे आणि ते नव्या करारात आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात सायप्रस बेटावरील एक योसेफ येतो. त्याने आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले. प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हणावयास आरंभ केला. धीर देणारा, असा त्याचा भाव. हे टोपणनाव त्याला इतके शोभले, की पुढे सारे जग त्याला त्याच नावाने ओळखू लागले. पूर्वी छळ करणारा म्हणून ज्याची सर्वांनाच भीती वाटत होती, त्या शौलाचा हात धरून त्याला प्रेषितांपाशी नेणारा हाच बर्णबा. नावाने माणूस ओळखला गेला आणि माणसाने नाव खरे करून दाखवले.

तेव्हा टोपणनाव चांगले की वाईट, असा प्रश्नच चुकीचा आहे. कोणी ठेवले, काय पाहून ठेवले, आणि ज्याला हाक मारली त्याला त्याच बरोबरीने उलट हाक मारता येते की नाही, हे पाहावयास हवे. आपल्या मराठीत याची कसोटी एका लहानशा 'या'मध्ये आहे. आई आपल्या गणपतीला 'गण्या' म्हणते, तेव्हा त्या 'या'मध्ये दूध असते. तोच 'या' गावचा पाटील आपल्या गड्याच्या नावाला लावतो तेव्हा त्यात चाबूक असतो. गड्याने पाटलाच्या नावाला तसा 'या' लावून पाहावा! आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचे पूर्वज अशाच तोडलेल्या नावांनी गावकुसाबाहेर जगले. स्नानकुंडाशी जेव्हा त्यांना योसेफ, याकोब, मरिया अशी सबंध नावे मिळाली आणि धर्मगुरूंनी भर मंडळीत ती अखंड उच्चारली, तेव्हा त्यांना काय वाटले असेल याची कल्पना आज आपल्याला कितपत येईल? 'नाव जुने झाले' असे म्हणताना ही गोष्ट विसरता कामा नये.

येथे आम्हाला स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे. आमच्या वाड्यात अंगण झाडायला एक गृहस्थ येत. वीसबावीस वर्षे ते आले. वाड्यातील लहानथोर सर्वजण, आणि त्यांत आम्हीही, त्यांना दीड अक्षराच्या तोडक्या नावाने एकेरीत हाक मारीत असू. ते मात्र आम्हा पोरांनादेखील 'दादा' म्हणत. एके दिवशी ते आले नाहीत. दोन दिवसांनी चौकातील फळ्यावर खडूने लिहिलेली एक निधनवार्ता आम्ही वाचली आणि पुढे निघून गेलो. ते पाच अक्षरी भारदस्त नाव आणि त्यापुढील वडिलांचे नाव आमच्या वाड्याच्या झाडलोटीशी संबंधित आहे, हे आम्हाला संध्याकाळी दुसऱ्याने सांगितले तेव्हा कळले. वीस वर्षांत त्यांचे पूर्ण नाव आम्ही एकदाही विचारले नव्हते. आणि तेच आम्ही काकूंच्या ओसरीवर बसून नावाच्या पावित्र्यावर प्रवचन झोडीत होतो!

प्रेमाच्या टोपणनावाचे एक ठळक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आणि आपल्याच समाजात घडले आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईतील माझगावच्या मातारपाखाडीत 17 मार्च 1864 रोजी, संत योसेफच्या सणाच्या दोनच दिवस आधी, जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म झाला. तरुणपणी ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले. म्हणजे कसब्यापलीकडे, मुठेच्या पैलतीरावर. पुढे केंब्रिजला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि लोकमान्य टिळकांचे स्नेही व सहकारी बनले. 1916 साली बेळगावात टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष हे कॅथलिक गृहस्थ होते. गिरणी आणि टपाल कामगारांसाठी ते झटले, 1925 मध्ये मुंबईचे महापौर झाले, 1930 साली निवर्तले. महाराष्ट्र त्यांना काय म्हणत असे? 'काका'. काका बाप्टिस्टा! साहेबी पदवी मिळवून आलेल्या, पोर्तुगीज आडनावाच्या, बायबलातील नावाच्या या माणसाला मराठी माणसांनी आपल्या बापाच्या भावाची जागा दिली.

आणि गंमत अशी, की त्यांच्या मित्राचीही तीच कथा. टिळकांचे नाव केशव. घरात लाडाने बाळ म्हणत, आणि तेच लाडके नाव इतिहासात कायम झाले. केशव नावाचा हिंदू ब्राह्मण आणि जोसेफ नावाचा ख्रिस्ती, दोघेही देशकार्यात खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि जगाने दोघांनाही घरगुती नावांनीच ओळखले. नोंदवहीतले नाव दोघांचेही खोटे ठरले नाही. पण माणसे ज्या नावाने आपल्याला जवळ करतात ते नाव कमवावे लागते. ते वारशाने मिळत नाही आणि कोणी कोणावर लादूही शकत नाही.

येथवर आल्यावर संत योसेफकडेच परत वळावेसे वाटते. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. परंतु मत्तय सांगतो, की मुलाचे नाव ठेवण्याचे काम देवदूताने त्याच्यावर सोपवले आणि ते त्याने केले. त्याने ठेवलेले नाव त्याच्या घराण्यातून आलेले नव्हते, त्याच्या हौसेचे नव्हते, त्याच्या कीर्तीसाठी तर नव्हतेच. ते त्याला देण्यात आले आणि त्याने ते बाळाच्या हाती सोपवले. आणि ते नाव तरी कोणते? यहोशवा या भारदस्त नावाचे लोकांच्या बोलीत रुळलेले आटोपशीर रूप. त्या काळी गालिलातील आणि यहुदियातील अनेक सामान्य घरांतून ते ऐकू येई. पुण्यात गुरुवार पेठेत आपल्या अँग्लिकन बांधवांनी उभारलेले पवित्र नाम देवालय आहे. त्याच्या घंटाघरावरून नजर टाकताना आता आमच्या मनात येते, की ज्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकावा असे पौल सांगतो, ते पवित्र नाव आळीतल्या पोरांनी आळीतल्या पोराला मारलेली हाकही होते. देवाने आपल्या पुत्रासाठी दरबारी नाव निवडले नाही.

आम्ही पुन्हा काकूंकडे गेलो आणि आमचा निवाडा मागे घेतला. नाव ठेवण्याचा अधिकार आईबापांचा आहे, असे त्यांना स्पष्ट सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पन्नास वर्षं संसार केला. एकदासुद्धा त्यांचं नाव तोंडाने घेतलं नाही. 'अहो' म्हटलं, 'हे' म्हटलं. वाड्यात सगळ्याच बायकांची तीच रीत. उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच. सगळ्या आळीने त्यांना नावानं हाक मारली, मीच तेवढी राहिले. म्हटलं, नातवाला तरी मारीन."

आम्हाला काही बोलणे सुचेना. तिकडे मुलाला ते नाव ऐकण्याची लाज वाटत होती आणि इकडे आईला ते उच्चारण्याची आस लागली होती, आणि आम्ही मध्येच बसून परंपरेवर बोलत होतो. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता, हे आम्हाला नंतर कळले. शाळेच्या फाटकावरील ती गोष्ट त्याने त्याच रात्री आईला सांगितली. आईने सांगितले, की वडिलांना सारे कळले होते. त्या दिवशी घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले होते, की पोराला डबा मिळाला असेल ना.

नाताळापूर्वीच्या एका रविवारी स्नानसंस्कार झाला. धर्मगुरूंच्या प्रश्नाला आईबापांनी दोन नावांनी उत्तर दिले : पहिले त्यांच्या आवडीचे, दुसरे जोसेफ. शाळेच्या दाखल्यावर कोणते नाव पुढे राहील हे तो मुलगा मोठा होऊन ठरवील, आणि तो त्याचा हक्क आहे. देवळाबाहेर काकूंनी बाळाला मांडीवर घेतले. नाव घ्यायला त्यांनी तोंड उघडले आणि सवयीने 'अहो' असाच शब्द बाहेर पडला. सारे हसले, त्याही हसल्या. मग हळूच, जणू कोणी ऐकेल या संकोचाने, त्या म्हणाल्या, "जोसबा."

वाचकहो, मुलांना कोणती नावे ठेवावीत, हे सांगण्याचा आमचा अधिकार आम्ही गमावला आहे आणि त्याचे आम्हाला दुःख नाही. एवढे मात्र विनवावेसे वाटते, की नाव नवे ठेवा वा जुने, पण ते लाजेपोटी टाकू नका आणि अभिमानापोटी लादू नका. जुने ठेवाल तर ते ज्याचे होते त्याची गोष्ट, त्याच्या डब्यासकट, मुलाला सांगा. आणि येत्या 19 मार्चला संत योसेफच्या सणाची मिस्सा ऐकून घरी परताल तेव्हा, तुमच्या दारी रोज येणाऱ्या ज्या माणसाला तुम्ही दीड अक्षराने हाक मारता, त्याचे पूर्ण नाव विचारा. आम्ही ते करायचे राहिलो. तुम्ही राहू नका.